पहिला आकडा १३.२ : भावाच्या अपघातानंतर मी ठेवलेली रक्ताची वही

९ मार्चच्या रात्री पावणेदहाला अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुमच्या भावाचा मोबाइल माझ्याकडे आहे. लॉक असतानाही इमर्जन्सीमध्ये तुमचा नंबर दिसला." दुचाकीला मागून ट्रकची धडक बसली होती. माझा धाकटा भाऊ आडव्या पडलेल्या गाडीखाली मांडीपासून अडकला होता. त्याला बाहेर काढून ॲम्ब्युलन्स निघून गेली होती आणि मोबाइल रस्त्याकडेलाच राहिला होता.

तो माणूस फोन ठेवणार तेवढ्यात मी विचारलं, अपघात किती वाजता झाला? का विचारलं ते आज सांगता येत नाही. पण पुढच्या तासाभरात मला तीन वेगवेगळ्या लोकांनी हाच प्रश्न केला. उत्तर होतं, आठ वाजून वीस मिनिटं. बाहेर काढलं नऊ दहाला. म्हणजे पाय पन्नास मिनिटं दबलेला होता. या दोन वेळा माझ्या वहीतली पहिली नोंद आहेत आणि पुढच्या तेवीस दिवसांत त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

मी डॉक्टर नाही. एका कार्यालयात हिशेब बघते. त्या रात्री आयसीयूबाहेर बसून मी रक्ताच्या रिपोर्टांमधले आकडे उतरवायला लागले, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. कोणावर अशी वेळ आली तर त्या कागदांवर नेमकं कुठे बघायचं एवढं तरी कळावं, म्हणून लिहिते आहे. उपचारांचे निर्णय डॉक्टरांचेच. पण समोर ठेवलेला कागद वाचता आला की त्यांना काय विचारायचं ते सुचतं.

मी १० वाजून २० मिनिटांनी पोहोचले. कॅज्युअल्टीत त्याची नोंद 'अज्ञात पुरुष, अंदाजे ३०' अशी झाली होती. निवासी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो अपघाताच्या वेळेचा. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाचं इंजेक्शन असतं, ते दुखापतीनंतर तीन तासांच्या आत द्यावं लागतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, वीस हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीतून त्याचा फायदा सिद्ध झाला, आणि तीन तासांनंतर दिलं तर उलट अपाय होऊ शकतो हेही तिथूनच पुढे आलं. भावाला ते १० वाजून ३५ मिनिटांनी मिळालं. वेळ कोणालाच माहीत नसती तर डॉक्टरांना अंदाजावर जावं लागलं असतं. म्हणून, फोन करणाऱ्याकडून आधी वेळ विचारून घ्या आणि लगेच लिहून ठेवा.

तेवढ्यात कोणीतरी पहिला रिपोर्ट टेबलावर ठेवला. हिमोग्लोबिन १३.२. मला एवढाच शब्द ओळखीचा होता आणि आकडा चांगला होता, म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे रक्त फारसं गेलेलं नाही ना?" डॉक्टर थकलेले होते, तरी थांबले. म्हणाले, "ताई, आत्ता हिमोग्लोबिनवर जाऊ नका. रक्त जातं तेव्हा लाल पेशी आणि पाणी दोन्ही सोबतच जातात. उरलेल्या रक्तातलं प्रमाण तेच राहतं. शरीर आतून पाणी ओढून घेईल, आपण सलाईन देऊ, मग ते पातळ होईल आणि तेव्हा आकडा पडेल. त्याला काही तास लागतात." मग त्यांनी दुसऱ्या, पावतीएवढ्या अरुंद कागदावर बोट ठेवलं. तो एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा कागद होता. "हे बघा. लॅक्टेट ५.८. बेस डेफिसिट ९. मला काळजी याची आहे."

लॅक्टेट म्हणजे काय ते मला त्या रात्री तुकड्यातुकड्यांत कळलं. पेशींना पुरेसा ऑक्सिजन पोहोचला नाही की त्या ऑक्सिजनशिवाय ऊर्जा बनवायला लागतात आणि त्यातून लॅक्टेट साठतं. साधारण दोन मिलिमोलच्या आत असेल तर ठीक, चारच्या वर गेलं तर प्रकरण गंभीर. बेस डेफिसिट म्हणजे रक्त आम्लाकडे किती झुकलंय त्याचं माप. दोनपर्यंत बरं, सहापर्यंत सौम्य, सहा ते दहा मध्यम आणि दहाच्या वर तीव्र शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचणं), अशा पायऱ्या असतात. २०१८च्या आवृत्तीपासून अपघातग्रस्तांच्या उपचारांच्या एटीएलएस या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रशिक्षणातही शॉकच्या वर्गवारीत बेस डेफिसिट आलं आहे. भाऊ शुद्धीवर होता, स्वतःचं नाव सांगत होता, रक्तदाब वरवर बरा होता. तरुण माणसाचं शरीर बराच वेळ रक्तदाब धरून ठेवतं. आत काय चाललंय ते त्या अरुंद कागदावरचे दोन आकडे सांगत होते.

(कागद थर्मल असतो, काही महिन्यांत अक्षरं पुसट होतात. मिळाल्या मिळाल्या फोटो काढा. माझ्याकडचे पहिले दोन कागद आज वाचता येत नाहीत, फोटो आहेत म्हणून निभावलं.)

आता एक चूक सांगते, कारण ती सहज होण्यासारखी आहे. रात्री बारा दहाला मी त्याचं ओळखपत्र घेऊन नोंदणी खिडकीवर गेले. 'अज्ञात पुरुष' हे शब्द मला सहन होत नव्हते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने त्याच्या खऱ्या नावाने नवी नोंद केली, नवा क्रमांक दिला, मनगटावरचा पट्टा बदलला गेला. दरम्यान ११ वाजून ५० मिनिटांचे रिपोर्ट आले होते. लॅक्टेट ६.४, हिमोग्लोबिन १०.१. सीटीमध्ये प्लीहा फाटलेली दिसत होती, ग्रेड तीन. पाच बरगड्या आणि मांडीचं हाड मोडलेलं. रक्त हवं होतं. रक्तपेढीत त्याच्या गटाची तपासणी जुन्या क्रमांकावर झाली होती आणि क्रॉसमॅचचा, म्हणजे दात्याचं रक्त त्याला जुळतं का ते बघण्याचा, नमुना गेला नव्या क्रमांकाने. दोन क्रमांक, दोन नावं. रक्तपेढीने नमुना परत पाठवला, आणि तो परत पाठवणं अगदी योग्य होतं. चुकीच्या माणसाचं रक्त चढवण्यापेक्षा चाळीस मिनिटं गेलेली परवडली. तोवर त्याला ओ गटाचं तातडीचं रक्त चालू होतं. पण ती चाळीस मिनिटं मी रक्तपेढीच्या दाराशी उभी होते आणि आपण केलेल्या एका सहीचं हे फळ आहे हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी रक्तपेढीतल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. तात्पुरत्या क्रमांकाने उपचार सुरू झाले असतील तर रुग्ण स्थिर होईपर्यंत तोच चालू ठेवायचा, खरं नाव नंतर जोडायचं. खिडकीवर गेलात तर "आत्ता क्रमांक बदलू नका, फक्त ओळख पटल्याची नोंद करा" असं स्पष्ट सांगा. नमुना घेऊन जायला तुम्हालाच सांगितलं, तर नळीवरचं नाव, वय आणि क्रमांक फॉर्मवरच्याशी अक्षरन् अक्षर ताडून मगच निघा.

साडेबारा ते दोन, मांडीच्या धमनीतून नळी घालून प्लीहेची रक्तवाहिनी बंद केली. पोट उघडावं लागलं नाही. त्याच टेबलावर मोडलेल्या मांडीला बाहेरून सळ्या लावल्या. हाडात रॉड का टाकला नाही, असं मी विचारलं. हाडांचे सर्जन म्हणाले, "मोठ्या ऑपरेशनचा धक्का शरीराला झेपेल की नाही ते आम्ही रक्तावरूनच ठरवतो. लॅक्टेट चारच्या खाली हवं, पीएच ७.२५ तरी हवा, बेस डेफिसिट साडेपाचच्या आत हवं. आज एकही अट पुरी होत नाही."

त्या रात्रीचा दुसरा झगडा रक्त गोठण्याचा होता. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती जास्त वेळ लागतोय त्याचं माप, १.५. फायब्रिनोजेन १३०. रक्त गोठताना जे धाग्यांचं जाळं तयार होतं, त्याचा कच्चा माल म्हणजे फायब्रिनोजेन. साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असायला हवं आणि १५०च्या खाली गेलं की रक्तस्राव थांबवणं अवघड होतं. गंभीर जखमी होऊन येणाऱ्या दर चार जणांपैकी जवळजवळ एकाचं रक्त दवाखान्यात पोहोचतानाच नीट गोठत नसतं, हे २००३ साली लंडनमधल्या अभ्यासात दिसलं होतं. आधी असं मानत असत की सलाईन देऊन देऊन रक्त पातळ होतं म्हणून हे होतं. ते खरं आहे, पण दुखापत आणि शॉक स्वतःच ही यंत्रणा बिघडवतात. अंग थंड पडणं, रक्त आम्लधर्मी होणं आणि न गोठणं, हे तिन्ही एकमेकांना खाली ओढतात. त्याला गरम हवेचं पांघरूण घातलं होतं ते त्यासाठीच.

निळ्या झाकणाच्या नळीची गोष्ट इथलीच. गोठण्याच्या तपासणीची ती नळी खुणेपर्यंत बरोबर भरावी लागते, कारण आत मोजून घातलेलं, रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं. रक्त कमी पडलं तर प्रमाण बिघडतं आणि प्रयोगशाळा नमुना नाकारते. भावाच्या आवळलेल्या शिरांमधून रक्त थेंबाथेंबाने येत होतं. सिस्टरनी नळी उजेडासमोर धरली, खूण आणि रक्त यांच्यामध्ये बोटाच्या पेरापेक्षा कमी जागा उरली होती. त्यांनी ती बाजूला टाकली आणि दुसऱ्या हातावर पुन्हा सुई लावली. मला आधी वाईट वाटलं, किती टोचणार त्याला. आता वाटतं, त्यांनी तेव्हा कंटाळा केला असता तर फायब्रिनोजेन पहाटेपर्यंत कळलंच नसतं. त्या रिपोर्टवरूनच क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे फायब्रिनोजेन भरपूर असलेला रक्ताचा घटक, दिलं गेलं. कॅल्शियमही ०.९२ पर्यंत उतरलं होतं. साठवलेल्या रक्तात सायट्रेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्ताच्या पिशव्यांबरोबर कॅल्शियमही द्यावं लागतं.

१० मार्चचा दिवस मी दर एबीजीची वाट बघत काढला. पहाटे चारला लॅक्टेट ४.१. आठला २.९. दुपारी दोनला २.०. संध्याकाळी सातला १.६. पहाटे हिमोग्लोबिन ८.४ होतं, म्हणजे रात्रीपेक्षाही कमी, आणि तरीही आयसीयूच्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा सैलपणा दिसला. "आकडा किती आहे यापेक्षा तो कुठे चाललाय ते बघा. लॅक्टेट चोवीस तासांच्या आत खाली आलं तर आमची आशा वाढते." १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ७६ गंभीर जखमींच्या अभ्यासात, ज्यांचं लॅक्टेट चोवीस तासांत सामान्य झालं ते सगळे वाचले होते. अट्ठेचाळीस तासांनंतरही ज्यांचं उतरलं नाही, त्यांतले बहुतेक गेले. मला हे वाक्य कोणी आदल्या रात्री सांगितलं असतं तर मी कोसळले असते. १० तारखेच्या संध्याकाळी ऐकलं तेव्हा भिंतीला टेकून बराच वेळ रडले.

लॅक्टेट दुसऱ्या कारणांनीही वाढतं, हेही माहीत असू द्या. दारू, फिट येणं, ॲड्रेनालिनसारखी औषधं, यकृताचे आजार. भरपूर नॉर्मल सलाईन दिलं तर त्यातल्या क्लोराइडमुळे बेस डेफिसिटही बिघडलेलं दिसतं. मला डॉक्टरांनी दारूबद्दल विचारलं तेव्हा आधी राग आला होता. त्या प्रश्नात संशय नव्हता, आकड्याचा अर्थ लावायला ती माहिती लागते. मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही न विसरता सांगा.

याच दिवशी एका नातेवाइकांनी फोनवर सांगितलं की डोक्याचा मार कळायला आता रक्ताची तपासणी निघाली आहे, ती करून घ्या. मी विचारलं. अशा तपासण्या खरंच आहेत. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही मेंदूतून रक्तात उतरणारी दोन प्रथिनं मोजणाऱ्या तपासणीला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. पण ती डोक्याला सौम्य मार लागलेल्यांसाठी, बारा तासांच्या आत, सीटी टाळता येईल का हे ठरवायला आहे. भावाचं सीटी आधीच झालं होतं, मेंदूत काही नव्हतं. एस१००बी नावाची आणखी एक तपासणी आहे, पण तो पदार्थ चरबीतून आणि मोडलेल्या हाडांमधूनही येतो, त्यामुळे अंगभर जखमा असलेल्या माणसात तो वाढलेला दिसला तरी दोष मेंदूला देता येत नाही. मी तो विषय सोडून दिला. छातीला मार होता म्हणून ईसीजी आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारं ट्रोपोनिन मात्र झालं, दोन्ही चांगले आले.

मग मूत्रपिंडांची पाळी आली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वांत फसवा भाग हाच होता. १० तारखेच्या दुपारी लघवीच्या पिशवीत रंग कोऱ्या चहासारखा झाला. मला वाटलं आतून रक्त जातंय. लघवीत बुडवलेल्या पट्टीवरही रक्त असल्याची खूण आली, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसेनात. ते मायोग्लोबिन होतं. पन्नास मिनिटं दबलेल्या मांडीचे स्नायू फुटत होते आणि त्यांच्यातलं मायोग्लोबिन मूत्रपिंडांवर जाऊन आदळत होतं. लंडनवर बाँबफेक चालू असताना ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी मूत्रपिंडं निकामी होऊन जात होती, त्यांचं वर्णन तिथल्या डॉक्टरांनी १९४१ साली केलं. डॉक्टरांनी तो संदर्भ दिला तेव्हा कळलं, पाय किती वेळ दबला होता हे ते पुन्हापुन्हा का विचारत होते.

स्नायू किती फुटले ते सीके या तपासणीतून कळतं. पहिल्या रात्री ३,८००. ११ मार्चला १८,४००. १२ला २६,९००. मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन १.१ वरून २.४. बाकी सगळं सुधारत असताना हा आकडा चढत होता, आणि मी आधीच्या दिलाशातून पुन्हा खाली आले. सीकेचा शिखरबिंदू दुखापतीनंतर एक ते तीन दिवसांनी येतो, हे मला आधी माहीत असतं तर त्या दोन रात्री थोड्या सोप्या गेल्या असत्या. पाच हजारांच्या वर गेलं की मूत्रपिंडांना धोका वाढतो. उपाय एकच, भरपूर सलाईन, तासाला २०० ते ३०० मिलिलिटर लघवी होईल इतकं. सिस्टर दर तासाला पिशवीवरची रेघ वाचायच्या आणि मी ती वहीत लिहायचे. १३ला १५,२००. १४ला ८,१००. रंग हळूहळू फिका होत गेला. डायलिसिसच्या संमतिपत्रावर मी सही करून ठेवली होती, ते वापरावं लागलं नाही.

मधेच ११ तारखेला पोटॅशियम ६.१ आलं आणि एकदम धावपळ झाली. स्नायू फुटलेल्या माणसात पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. ईसीजी काढला, तो ठीक. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत 'नमुना हेमोलाइज्ड' लिहिलेलं होतं, म्हणजे नळीतच पेशी फुटल्या होत्या. पुन्हा नमुना घेतला, ४.६. रिपोर्टच्या तळाची ओळ नेहमी वाचा.

१४ मार्चला हाडात रॉड टाकला. आधीच्या अटी आता सगळ्या पुऱ्या होत्या, प्लेटलेटही ७८ हजारांवरून दीड लाखाच्या पुढे आल्या होत्या.

१६ तारखेला त्याला वॉर्डात हलवलं. वॉर्डातल्या डॉक्टरांकडे ११ तारखेपासूनचेच रिपोर्ट दिसत होते, कारण आधीचे काही जुन्या क्रमांकावर होते आणि काही नव्या. शिवाय संगणकातली यादी रिपोर्ट छापल्याच्या वेळेने लागत होती, रक्त काढल्याच्या वेळेने नव्हे. उशिरा छापलेला जुना नमुना वर आला की हिमोग्लोबिन अचानक वाढून पुन्हा पडल्यासारखं वाटायचं. एका सकाळी तसंच झालं, आतून पुन्हा रक्तस्राव सुरू झाला की काय म्हणून सोनोग्राफी लिहिली गेली. मी वही पुढे केली. त्यात प्रत्येक ओळीत रक्त काढल्याची वेळ होती, छापल्याची नव्हे. डॉक्टरांनी ती पाच मिनिटं शांतपणे वाचली, सोनोग्राफी तरीही केली, ती चांगली आली आणि मग त्यांनी वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले. तुम्ही लिहिणार असाल तर चार रकाने पुरतात : नमुन्याची वेळ, तपासणी, आकडा, त्यानंतर काय दिलं. मी शेवटचा रकाना दुसऱ्या दिवशी सुरू केला. पहिल्या रात्रीच हवा होता.

दोन्ही क्रमांकांच्या नोंदी एकत्र करायला अर्ज, ओळखपत्राची प्रत, पोलिसांच्या नोंदीची प्रत आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही लागली. अर्ज १७ला दिला, काम झालं २८ला. मधल्या अकरा दिवसांत चार फेऱ्या. दर फेरीला नवा कागद सांगितला गेला, म्हणून तिसऱ्यांदा गेले तेव्हा लागणाऱ्या कागदांची पूर्ण यादी लिहून त्यावर शिक्का मागितला. त्यानंतर नवा कागद निघाला नाही.

सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासणीबद्दल थोडंसंच. १२ मार्चला ते २३८ होतं, सामान्यपेक्षा कितीतरी पट जास्त. जंतुसंसर्ग झाला अशी मी धास्ती घेतली. पण मोठ्या दुखापतीनंतर ते दोन-तीन दिवस चढतंच, जंतू असोत वा नसोत. ते नंतर ९६ पर्यंत उतरलं. १८ला पुन्हा १९० झालं, ताप आला, आणि जंतुसंसर्गाचा अंदाज देणारं, ०.४ वर आलेलं प्रोकॅल्सिटोनिन ४.८ वर गेलं. उतरलेला आकडा परत फिरतो तेव्हा लक्ष द्यायचं, हे तोवर मला उमगलं होतं. मोडलेल्या बरगड्यांमुळे तो खोल श्वास घेत नव्हता, त्या बाजूला न्यूमोनिया झाला होता. सात दिवस अँटिबायोटिक.

१ एप्रिलला डिस्चार्ज. विम्याच्या अर्जात 'दुखापतीची तीव्रता' असा रकाना होता. डॉक्टरांनी तिथे २७ लिहिलं. १९७४ पासून वापरात असलेला आयएसएस हा गुण आहे. शरीराचे सहा भाग, प्रत्येकातल्या दुखापतीला श्रेणी, त्यांतल्या सर्वांत वाईट तीन भागांच्या श्रेणींचे वर्ग करून बेरीज. भावाची पोटाची ३, छातीची ३, पायाची ३. नऊ अधिक नऊ अधिक नऊ. पंधराच्या वर गेलं की मोठी दुखापत, कमाल ७५. मी विचारलं, हा आकडा पहिल्या रात्रीच का नाही काढला? डॉक्टर म्हणाले, "सगळ्या जखमा सापडल्यावरच तो काढता येतो. आणि २७ असलेले दोघे जण वेगवेगळ्या अवस्थेत असू शकतात. एकाचं लॅक्टेट दोन, दुसऱ्याचं आठ." अवयवांचं किती नुकसान झालं ते आयएसएस सांगतो. त्या नुकसानीला शरीर त्या घटकेला कसं तोंड देतंय, ते रक्त सांगतं.

विम्याकडून १० एप्रिलला पत्र आलं. एबीजी ३१ वेळा करण्याचं कारण कळवावं. एकच तपासणी ३१ वेळा बिलात होती, त्यांना शंका येणं मी समजू शकते. मी वहीतून पहिल्या तीन दिवसांची सगळी लॅक्टेटं वेळेसह उतरवली, प्रत्येकासमोर त्यानंतर बदललेला उपचार लिहिला, डॉक्टरांची सही घेतली आणि रिपोर्टांच्या फोटोंच्या प्रती जोडल्या. सोळा दिवसांनी मंजुरी आली, दोन तपासण्या वगळून. त्या दोन तपासण्यांचे कागद सापडलेच नव्हते. बिलातली प्रत्येक तपासणी रिपोर्टाशी डिस्चार्जच्या आधीच ताडून घ्या, नंतर मागितलेली प्रत मिळायला आठवडे जातात.

२१ एप्रिलला पहिली फेरतपासणी झाली. हिमोग्लोबिन ११.९, क्रिएटिनिन ०.९, सीके सामान्य. भाऊ कुबड्यांवर आला होता. प्रतीक्षाकक्षात त्याने माझ्या पिशवीतून वही काढली आणि पहिल्यांदाच वाचली. ९ मार्चच्या पानावर बराच वेळ थांबला. "ताई, हे १३.२ असताना तू खूश झाली होतीस?" मी हो म्हटलं. त्याने पान उलटलं, लॅक्टेटच्या रकान्यावरून बोट खाली नेत नेत १.६ पर्यंत आला आणि शेजारी माझ्या अक्षरात लिहिलेली वेळ मोठ्याने वाचली. संध्याकाळचे सात.

पुढची तारीख १९ मे आहे. फक्त एक्स-रे, रक्त काढायचं नाही.